बाहेर पडल्याची वेळ

जांबोटीच्या पुढे डांबर संपतं तिथं
दोन खांबांत एक साखळी, आणि पाटी :
प्रवेश निषेध. लिपी कानडी,
शब्द ओळखीचा, अर्थ तेवढा वेगळा.
बेळगावात आम्ही निषेध करतो काळ्या फिती लावून,
इथं तो रंगवून ठेवलाय, पिवळ्यावर काळा.
कुणाचा कुणाला, हे विचारावं तर
समोर एकटा मोनाप्पा,
शर्ट खात्याचा, लुंगी घरची.

"दोन पावसाळं वाट बंद हाय, बाई.
एक झाला. एक ऱ्हायलाय."
मी म्हटलं, एकटीच आहे. स्टोव्ह नाही, काडेपेटी नाही,
चहासुद्धा थर्मासमध्ये, घरूनच आणलेला.
"व्हय. मागं पाच जण हुता की."

मग बराच वेळ तो सातेरीबद्दल बोलला, बायकोबद्दल.
हिरडे वेचायला ती जन्मभर ह्याच वाटेनं गेली,
तिच्या सासूनंच तर ही वाट पाडली.
"तिलाबी सोडूलो न्हाई मी. कायदा म्हंजे कायदा.
तवापास्नं ताटात भाकरी टाकती आन् भिंतीकडं बघती."
मला हसू आलं. तो हसला नाही.

चहा अर्धा अर्धा झाल्यावर त्यानं साखळी उचलली.
"जाळरेषेपातूर चला. पुढं न्हाई.
मी पाय उचलीन तिथंच पाय ठेवा,
मधी कोंब हायती, वरनं दिसत न्हाईत."

पौषातलं ऊन, आणि सावली द्यायला कुणी नाही.
ऐनाची साल एका अंगानं कोळसा,
दुसऱ्या अंगानं मगरीच्या पाठीसारखी शाबूत.
कुंभ्याच्या बुडातून तांबूस पानं आलेली,
कोवळी, तेलकट, जरा निर्लज्ज.
गोगलगायींचे शंख, भाजून पांढरे,
हातात घेतला तर पीठ झालं.
आणि कारवी. काळ्या काड्यांचा सबंध उतार,
काड्यांच्या पायाशी वीतभर हिरवं.
"औंदा फुलणार हुती. सात वर्सं भरली असती."
आता पुन्हा एकपासून मोजायचं.
तोल गेला म्हणून मी एका खोडाला हात टेकला.
हात काळा झाला. पुसायला आसपास
काही हिरवं सापडलं, पण त्याला पुसवेना.

वरचा कातळ जाळरेषेच्या पलीकडे.
तिथं आम्ही तीन दगड मांडून चहा उकळला होता.
निखाऱ्यांवर पाणी ओतलं होतं.
भालचंद्र म्हणतो, त्यानं ओतलं.
सुनेत्रा म्हणते, ती बाटली
तिनं परतीच्या वाटेवर प्यायली.
या विषयावर आम्ही दोनदा बोललो,
मग रविवारी भेटायचंच कमी झालं.

मोनाप्पानं कातळाकडे पाहिलं नाही,
माझ्याकडेही नाही.
कुठूनसा एक कोतवाल येऊन
जळक्या शेंड्यावर बसला, शेपटी हलवत,
जसं काही फांदी म्हणजे फांदी.

खाली चौकीत त्यानं वही पुढे केली.
नाव, गाव, येण्याचं कारण.
कारणापाशी पेन थांबलं. 'बघायला' लिहिलं,
ते चोरट्यासारखं दिसलं, तसंच ठेवलं.

मग त्यानंच मागची पानं उलटली,
सावकाश, बोटाला थुंकी लावून.
मार्चची नऊ तारीख. पाच नावं, एकाच हातची.
"अक्षर वळणदार हाय तुमचं," म्हणाला.
त्याच्या खाली दहा तारीख, नोंद नाही.
अकरा, नाही.
मग सबंध पान कोरं, कडेला काजळीचा अंगठा.

"सायबानं वही मागितली का?"
"मागितली. म्हटलं, जळाली."

साखळी लावायला तो बाहेर गेला.
उजवीकडचा शेवटचा रकाना मी तेव्हा पाहिला :
बाहेर पडल्याची वेळ.
आमच्या पाचही नावांपुढे तो रिकामा.
घाईत होतो, काळोख पडत होता, सही राहिली.

पेन हातात होतं.
वहीच्या हिशेबानं आम्ही
अजून आतच आहोत.